टेकलं की नाही?

१० फेब्रुवारी २०२४. एडिनबरातल्या मरेफील्ड स्टेडियमवर स्कॉटलंड आणि फ्रान्स यांचा रग्बी सामना संपत आला होता. खरं तर घड्याळातली ८० मिनिटं संपलीच होती, पण रग्बीत घड्याळ संपलं म्हणून खेळ थांबत नाही, चालू असलेला डाव तुटला की थांबतो. फ्रान्स २०, स्कॉटलंड १६. स्कॉटलंडचे दणकट गडी खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून फ्रान्सच्या रेषेवर इंच-इंच रेटत होते. शेवटी सॅम स्किनर बॉल धरून रेषेपलीकडे कोसळला आणि त्याच्या अंगाखाली, अंगावर माणसांचा ढीग झाला.

रग्बीत नुसती रेषा ओलांडून भागत नाही. बॉल पलीकडे जमिनीला टेकवावा लागतो. टेकला तर 'ट्राय', पाच गुण, २१-२० आणि स्कॉटलंड विजयी. मध्ये कुणाचा हात, पाय, बूट आला आणि बॉल वरच्या वर राहिला, तर काही नाही.

रेफ्री निक बेरी यांनी आधी स्वतःचं मत सांगितलं: ट्राय नाही. मग टीव्हीसमोर बसलेल्या पंचाला, म्हणजे टीएमओला, विचारलं की माझा निर्णय बदलण्याइतकं स्पष्ट काही दिसतंय का. रिप्ले सुरू झाले. एका क्षणी बॉल कुणाच्या तरी बुटावर अडकलेला दिसत होता. पुढच्या क्षणी तो घसरून गवताला लागल्यासारखा वाटत होता. पण 'दिसतो' आणि 'लागल्यासारखा वाटतो' यात अंतर आहे, आणि टीएमओ त्या अंतरापाशी अडला. निर्णय फिरवण्याइतका पुरावा नाही. ट्राय नाही. सामना संपला.

साधारण वर्षभराने, २ फेब्रुवारी २०२५ला, अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती होती. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. मोहोळने राक्षेला खाली घेतलं आणि पंचांनी चितपट दिली. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा. पुढचं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय: वाद, पंचांची कॉलर, आणि मग लाथ. त्यानंतर किताबाच्या कुस्तीत मोहोळ आणि माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाड भिडले. काही सेकंद उरले असताना गायकवाडही पंचांवर चिडून बाहेर पडला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड, दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

एकीकडे बॉल, दुसरीकडे खांदे. प्रश्न तोच: जमिनीला टेकलं की नाही?

हे साम्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्याच्या पोटात एक जुना, अवघड प्रश्न आहे. निर्णय चुकलाय अशी आपली मनोमन खात्री असेल, तरीही तो का मानायचा? 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' असं स्पर्धेच्या पत्रिकेत छापलेलं असतं, एवढ्यासाठी?

कराड तालुक्यातला पोरगा रग्बी कशाला बघतो, असं मला ऑफिसातही विचारतात आणि गावातही. सुरुवात एका फालतू माहितीतून झाली. इंग्लंड-स्कॉटलंड यांच्यात दरवर्षी ज्या चषकासाठी सामना होतो, त्याचं नाव कलकत्ता कप. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८च्या सुमारास बंद पडला, तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून हा चषक घडवला. कान नागाचे, झाकणावर हत्ती. आपल्या रुपयांची चांदी घेऊन दोन परके देश दीडशे वर्षं भांडतायत हे वाचल्यावर एक सामना बघितला, मग सवय लागली. ही स्पर्धा म्हणजे सिक्स नेशन्स. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स, इटली. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो. भारतात तेव्हा संध्याकाळ-रात्र असते आणि गावाकडे यात्रांचा, मैदानांचा हंगाम भरात आलेला असतो. त्यामुळे शनिवारी मोबाइलवर रग्बी आणि रविवारी मैदान, असं माझं दोन-तीन वर्षं चाललंय.

२०२४चा हंगाम तर काळजाचा ठोका चुकवणारा होता. १५ सामन्यांपैकी १० सामने चार गुणांच्या किंवा त्याहून कमी फरकाने सुटले. कार्डिफमध्ये स्कॉटलंड २७-० पुढे होतं आणि वेल्सशी जेमतेम २७-२६ जिंकलं. रोममध्ये इटलीने त्याच स्कॉटलंडला ३१-२९ हरवलं. सगळ्यांना धुऊन काढणाऱ्या आयर्लंडला ट्विकेनहॅमवर इंग्लंडच्या मार्कस स्मिथने अगदी शेवटच्या किकवर २३-२२ असं पाडलं. शेवटच्या दिवशी लिऑनमध्ये फ्रान्सने इंग्लंडला ३३-३१ हरवलं. किताब आयर्लंडकडेच गेला, पण अशा हंगामात पंचाची एक शिट्टी म्हणजे अख्खा सामना. आपल्याकडेही वेगळं नाही. २०२२ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील अंतिम कुस्ती ५-४ जिंकला. एक गुण.

आता यातून जो सोपा निष्कर्ष निघतो, तो मला अजिबात पटत नाही. लाथेचा व्हिडिओ आला त्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाने रग्बीची क्लिप टाकली. सहा फूट पाच इंचांचा गडी, नाकातून रक्त, आणि रेफ्रीला 'सर' म्हणतोय. खाली ओळ: याला म्हणतात संस्कार. त्यावर पस्तीस अंगठे. म्हणजे ते सभ्य, आपण रांगडे. त्यांना खेळ कळतो, आपल्याला राडा.

गोष्ट इतकी सरळ असती तर वेन बार्न्ससारख्या माणसाला त्रास झाला नसता. बार्न्स पेशाने वकील आणि रग्बीतला नावाजलेला रेफ्री. २०२३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना त्याने सांभाळला आणि निवृत्त झाला. त्याला आणि त्याच्या बायकोला ऑनलाइन किती घाण धमक्या आल्या, हे त्याने स्वतः सांगितलंय. त्याच सामन्यात टीएमओ असलेले टॉम फोली या छळापायी आंतरराष्ट्रीय रग्बीतून बाजूलाच झाले. आणि मरेफील्डचे ते निक बेरी? २०२१मध्ये एका कसोटीनंतर दक्षिण आफ्रिकेच्या रॅसी इरॅस्मस यांनी बेरींच्या चुका मोजणारा ६२ मिनिटांचा व्हिडिओ केला, तो सगळीकडे फिरला, आणि इरॅस्मस यांच्यावर बंदी आली. लाथ नव्हती, पण एका माणसाला जगासमोर ६२ मिनिटं उभं करणं ही लाथच आहे. त्यामुळे संस्कार वगैरे राहू द्या. माणूस तिकडेही माणूसच आहे.

फरक दुसरीकडे आहे. रग्बीत रेफ्रीच्या छातीवर माइक असतो. तो काय बोलतो ते टीव्हीवर ऐकू येतं; स्टेडियममध्ये कानात छोटा रेडिओ घालून लोक ऐकतात. बेरी टीएमओला काय म्हणाले, टीएमओ काय म्हणाला, कुठे अडखळला, कशामुळे मागे आला, हे स्कॉटलंडच्या चाहत्यांनी शब्दन्शब्द ऐकलं. स्कॉटलंडचे प्रशिक्षक ग्रेगर टाउनसेंड यांनी सामन्यानंतर आपली नाराजी लपवली नाही, पण त्यांना भांडायला एक ठोस गोष्ट मिळाली होती: अमुक कारण दिलं, ते मला पटत नाही. कारण चुकीचं असू शकतं. पण ते हातात येतं, त्याच्याशी झगडता येतं. कारणच नसेल तर माणूस कशाशी झगडणार? मग समोर फक्त पंच उरतो. त्याची कॉलर उरते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. आमच्याकडेही असे प्रसंग रोज येतात की माहिती अपुरी आहे पण सिस्टीमला उत्तर द्यावंच लागतं. अशा वेळी आधीच ठरवून ठेवतात की काहीच कळलं नाही तर काय धरायचं. बेरींचं 'ट्राय नाही' हे तसं होतं. त्यांनी ते रिप्ले बघायच्या आधी सांगितलं. त्यामुळे रिप्लेला विचारलेला प्रश्न 'टेकला का?' हा नव्हताच; 'टेकला नाही हे चूक ठरवता येतं का?' हा होता. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. बॉल खरोखर टेकला असेल आणि तरीही ट्राय न देणं नियमाला धरून असेल. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कोर्टात संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटतो तेव्हा आपण हेच स्वीकारतो. सत्य काय आणि निकाल काय, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निकाल सत्याच्या जवळ जायचा प्रयत्न करतो, एवढंच.

ऑक्सफर्डचे कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 'द कन्सेप्ट ऑफ लॉ'मध्ये हाच मुद्दा खेळाच्या उदाहरणाने मांडलाय. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, हे खरं. पण म्हणून 'गुणलेखक म्हणेल तो स्कोअर' असा नियम होत नाही. तसा झाला तर तो खेळ वेगळाच झाला, गुणलेखकाच्या मर्जीचा खेळ. नियम खेळाडूलाही बांधतो आणि गुणलेखकालाही. फरक एवढाच की गुणलेखक चुकला तरी त्याचा शब्द चालतो. 'अंतिम' म्हणजे 'बरोबर' नव्हे. हे पुस्तक १९६१चं. त्याच वर्षी औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्या दिनकर दह्यारींनी ती जिंकली. दोन्हींचा काही संबंध नाही, मला आपली गंमत वाटली.

पण मला वाटतं कुस्तीत हा घोळ मुळात नव्हता. तो मागून आला. आणि त्याचं कारण माती आहे.

तांबड्या मातीच्या आखाड्यात 'टेकलं की नाही' याचा पुरावा पैलवानाच्या पाठीवर असतो. 'पाठीला माती लागली' हा वाक्प्रचार काय उगाच झाला? कुंडलच्या मैदानात, औंधला, पुसेगावला, एखाद्याला चीत केलं की तो उठताना त्याची पाठ हजारो लोकांना दिसते. दोन्ही पाखांवर माती असेल तर बोलायचं काही उरत नाही. पंच हात वर करतो ते निर्णय द्यायला नाही, जे सगळ्यांनी पाहिलं त्यावर शिक्का मारायला. हलगी आधीच वाढलेली असते. गादीवर पाठीला काही लागत नाही. निळ्या-पिवळ्या मॅटवरून माणूस उठतो तो जसाच्या तसा. पुरावा जागच्या जागी पुसला जातो आणि सगळा भार पंचाच्या डोळ्यांवर येतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी हे ओळखलंय. तिथे चितपट देताना एका पंचाचं चालत नाही, बाजूचा जज किंवा मॅट चेअरमन यांचा दुजोरा लागतो. गुणांच्या निर्णयावर प्रशिक्षक मॅटवर स्पंजचा ठोकळा फेकून चॅलेंज देतो आणि व्हिडिओ बघितला जातो. चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण. आपण गादी आणली, माती काढली. माती जे काम फुकट करत होती, ते करायला मग कॅमेरा, स्क्रीन आणि स्पष्टीकरण आणावं लागतं. ते अर्धवट आणलं की अहिल्यानगर होतं.

माती विभागातही वाद होतात, हे मला माहीत आहे. तिथेही आता गुण आहेत. पण यात्रेच्या मैदानात गुण नसत. तिथे दोनच गोष्टी: निकाली कुस्ती, नाहीतर सोडवलेली कुस्ती. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, दोघंही हटत नाहीत, तर पंच मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवतात. इनाम वाटून. लोक थोडे कुरकुरतात, 'निकाली पाहिजे' म्हणून ओरडतात, मग पुढच्या जोडीकडे बघतात. लहानपणी मला हे पळपुटेपणाचं वाटायचं. आता त्यात शहाणपण दिसतं. जे कळत नाही ते ठरवायचंच नाही, अशी सोय त्या पद्धतीत होती.

रग्बीच्या लीगमध्येही ती थोडीफार आहे. २०२४लाच लीलमध्ये फ्रान्स-इटली १३-१३ असताना शेवटची पेनल्टी इटलीच्या पाओलो गार्बिसीकडे आली. किकची वेळ मोजली जात होती आणि नेमका बॉल टीवरून घरंगळला. घाईघाईत परत ठेवून त्याने मारला, तो खांबाला लागून बाहेर. फ्रान्समध्ये जाऊन जिंकायची संधी अशी बोटभर अंतराने गेली. पण सामना बरोबरीत राहिला, दोघांना दोन-दोन गुण मिळाले आणि दोन आठवड्यांनी इटली पुढचा सामना खेळली. स्कॉटलंडचंही तसंच. मरेफील्डच्या त्या संध्याकाळनंतर दोनच आठवड्यांनी त्याच मैदानावर त्यांनी इंग्लंडला ३०-२१ हरवलं, कलकत्ता कप राखला, लोक नाचले.

पुढचा शनिवार असला की चुकीचा निर्णय गिळता येतो. यात चारित्र्याचा भाग कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे.

महाराष्ट्र केसरीला पुढचा शनिवार नसतो. हरला तो हरला, पुढच्या वर्षी या. आणि ते पुढचं वर्ष म्हणजे काय असतं, हे तालमीत गेल्याशिवाय कळत नाही. मी इंजिनीअरिंगला चार वर्षं सांगलीत होतो. आमच्या रूमच्या मागच्या गल्लीत तालीम होती. पहाटे चारला जोर-बैठकांचा आवाज यायचा. तिथल्या एका पोराच्या खुराकासाठी त्याच्या घरच्यांनी म्हैस विकली होती, दूध मिळावं म्हणून ठेवलेली तीच म्हैस. बदाम, तूप, दूध, फळं, वस्तादाचं, प्रवासाचं. शिक्षण मागे पडलेलं असतं. तिशी आली की गुडघे बोलतात. या सगळ्याच्या बदल्यात एकच दार असतं: गदा. गदेमागे सरकारी नोकरी येऊ शकते. नरसिंग यादव, विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, हे प्रत्येक तालमीत पाठ असतं. २०२५ला गदेसोबत थार होती. एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाची अर्ध्या सेकंदाची नजर. तिच्यात चूक झाली तर पंचाचं काय जातं? फार तर शिव्या. पैलवानाचं वर्ष जातं, कधीकधी आयुष्याची दिशा.

म्हणून सांगलीच्या चंद्रहार पाटलांनी त्या आठवड्यात जे केलं, ते मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. ते डबल महाराष्ट्र केसरी, २००७ आणि २००८. राक्षेची बाजू घेऊन ते पंचांबद्दल फारच टोकाचं बोलले, त्याचं समर्थन कुणीच करू नये. पण त्याचबरोबर त्यांनी सांगितलं की २००९ला आपल्यावरही असाच अन्याय झाला होता, आणि आपल्या दोन्ही गदा परत करायची घोषणा केली. सोळा वर्षं! सोळा वर्षं एक निर्णय माणसाच्या पोटात राहिला. 'खिलाडूवृत्ती ठेवा' हे वाक्य अशा माणसाला सांगायला जीभ रेटत नाही. ज्याचं काहीच जात नाही त्याने सोसण्याचा उपदेश करणं फार स्वस्त आहे.

मग लाथ बरोबर होती का?

नाही. पण 'पंच देवासमान' म्हणून नाही. 'पाचांमुखी परमेश्वर' म्हणताना आपण पाच तोंडं धरली होती. पाच जणांनी मिळून बोलावं, एकमेकांना आवरावं, तेव्हा कुठे देव. एकट्या माणसाला 'पंच' म्हटल्याने त्याच्या तोंडी परमेश्वर येत नाही. लाथ चूक आहे ती वेगळ्याच माणसापायी, जो त्या दिवशी गादीवर नव्हताच.

असं बघा. जानेवारी २०२३ला पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत चार गुणांवरून मोठा वाद झाला आणि नंतर पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. आता त्यानंतरच्या एखाद्या स्पर्धेतला पंच डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मोठ्या तालमीचा, मोठ्या नावाचा, मागे दोनशे पोरं असलेला पैलवान. दुसऱ्या बाजूला जतच्या किंवा माणच्या वाडीवरून एसटीने आलेला पोरगा, सोबत फक्त चुलता. निर्णय अटीतटीचा. ज्या पंचाला कॉलर आठवते, फोन आठवतो, तो अर्ध्या सेकंदात कुणाकडे झुकेल? तो लबाड असायची गरज नाही. भीती मोजून येत नाही, ती नजरेतच मिसळते. म्हणजे आज एका मोठ्या पैलवानाने, भले त्याची बाजू खरी असेल, घातलेल्या लाथेची किंमत उद्या तो एसटीतून आलेला पोरगा मोजतो. पंचाचा मान राखायचा तो पंचासाठी नाही. ज्याच्यामागे गर्दी नाही त्याच्याकडे पंचाशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून.

पण इथे थांबलो तर अर्धंच बोललो. मान राखा, लाथ घालू नका, मग करायचं काय? गप्प बसायचं? आमच्या भागात या प्रश्नावर हमखास एक नाव पुढे येतं: खाशाबा जाधव. गोळेश्वर, तालुका कराड. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. शाळेत भाषणांत सांगायचे, बघा, अन्याय झाला तरी खाशाबांनी तक्रार केली नाही.

हे धादांत चुकीचं आहे. हेलसिंकीच्या आधी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी ऐकलं, निवड चाचणीत उतरायची संधी मिळवून दिली आणि तिथे खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाडलं. तक्रार केली नसती तर ते पदक आलंच नसतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून दिलेले ७००० रुपयेही मग लागले नसते.

आणि हेलसिंकीत? जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत रशीद मम्मदबेयोव्हसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये ३० मिनिटांची विश्रांती हा नियम होता. पण तो मुद्दा मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेला माणूस उतरला आणि हरला. याला आपण संयम म्हणतो. मला तर त्यात फक्त एक रिकामी खुर्ची दिसते. मद्रासनंतर दाद मागायला दार होतं, तेही नियमाचं नव्हे, एका राजाच्या मर्जीचं. तरी त्यांनी ते ठोठावलं. हेलसिंकीत दारच नव्हतं. गावी आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. असा हिशेबाचा पक्का माणूस ती ३० मिनिटं विसरला असेल, असं मला वाटत नाही.

राक्षेला त्या दिवशी कुठलं दार होतं? चालू कुस्तीत, तिथल्या तिथे, 'मला कारण सांगा आणि व्हिडिओ दाखवा' असं म्हणायची हक्काची जागा, आणि हजारो लोकांसमोर मोठ्याने मिळणारं उत्तर? उत्तर विरोधात गेलं असतं तरी चाललं असतं. स्कॉटलंडच्या विरोधातच गेलं होतं. चौकशी समित्या नंतर बसतात, पत्रकं निघतात, पण निकाल ज्या क्षणी घशात अडकतो त्या क्षणी कारण मिळालं नाही तर नंतरच्या कागदाने तो उतरत नाही. आणि महाराष्ट्र केसरी कुणी भरवायची यावरूनच दोन संघटनांत वर्षानुवर्षं भांडण चालू असताना पैलवानाने कुणाच्या दारात जायचं, हा आणखी वेगळा विषय. त्यात मी शिरत नाही.

मला सुचतं ते फार साधं आहे. आपल्या मैदानात माइक असतोच. निवेदकाच्या हातात. तो पैलवानाचं गाव सांगतो, वस्तादाचं नाव सांगतो, घिस्सा की ढाक की घुटना ते सांगतो, देणगीदारांची यादी तर दोनदा सांगतो. सगळं सांगून होतं आणि ज्या माणसाच्या शब्दावर निकाल ठरतो, तो एकटाच मुका असतो. त्याला एक कॉलर माइक द्या. काय पाहिलं ते दोन वाक्यांत त्याने सांगावं: डावा खांदा टेकला, उजवा टेकला, दोन्ही एकाच वेळी, पकड सुटली नव्हती. चुकला तर चुकला. निदान काय चुकलं ते तरी कळेल.

मार्चमध्ये गावच्या यात्रा कमिटीत मी हे बोललो. कमिटीतले एक जुने वस्ताद, सत्तरीचे, स्वतः तीस-चाळीस वर्षं पंच म्हणून उभे राहिलेले, शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कल्पना बरी हाय पोरा. पर पंच बोलणार असंल तर तेवढा येळ हलगी थांबवाय लागंल." जरा थांबून म्हणाले, "आन हलगी थांबली की लोक काय करत्यात, म्हाईत हाय न्हवं?"

मी विचारलं, काय करतात?

"ऐकत्यात," ते म्हणाले, "आन मग पंचाला खरं बोलाय लागतं." यंदाच्या बजेटमध्ये माइकचे पैसे बसले नाहीत. पुढच्या वर्षी बघू म्हणालेत.